आधी भिंत, मग रंग

लेकीचे लग्न ठरले आणि घराला रंग द्यायचे आम्ही मनावर घेतले. नाशिकरोडचे आमचे घर वडिलांच्या वेळचे. विटांची भिंत, चुन्याचा गिलावा. वडील बिगारी, आई पाट्या वाहणारी. सुटीच्या दिवशी दोघांनी ही भिंत स्वतःच्या हातांनी उभी केली.

बाहेरच्या खोलीच्या भिंतीला खालून लोणा लागला होता, पोपडे सुटत होते. पाच वर्षांपूर्वी त्यावर लांबी भरून आम्ही रंग दिला होता. एकाच पावसाळ्यात तो फुगला. एका रात्री खिळ्यासकट गिलावा निखळला आणि बाबासाहेबांची तसबीर खाली आली. आई काही बोलली नाही. फुटलेल्या काचा वेचून पदराने तसबीर पुसत बसली.

यंदाही रंगारी म्हणाला, "साहेब, लांबी मारतो, दोन दिवसांत चकाचक!" लग्न तोंडावर, पाहुणे काय म्हणतील ही धास्ती. आम्ही होकार देणार, तोच आई उठली आणि बोटांनी भिंत वाजवू लागली. खणखणीत वाजली तिथे पुढे सरकली, बद वाजली तिथे कोळशाने खूण केली. म्हणाली, "लेका, खुणेचं तेवढंच काढ. बाकीचं तुझ्या बापाच्या हातचं, अजून धड आहे."

जुना गवंडी शोधून आणला. त्याने आधी भिंतीमागे जाऊन पाहिले. शेजाऱ्यांच्या मोरीचे पाणी पायात मुरत होते. वीट पाणी वर ओढते. पाणी सुकले की त्यातले क्षार मागे राहतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. वरून रंग फासला की ओल आतच कोंडते. शेजाऱ्यांशी भांडण न करता बोललो, निम्मा-निम्मा खर्च घालून मोरीला पाइप टाकला. मग पोकळ गिलावा विटेपर्यंत काढला, सांधे खरवडले, तारेच्या ब्रशाने क्षार झाडले आणि भिंत वाळू दिली. सिमेंटला गवंडी नको म्हणाला. मऊ जुन्या भिंतीवर कडक सिमेंट ओल अडवून धरते. चुना-वाळूचे दोन थर दिले, वर नेरू.

अजिंठ्याची सहल आम्हाला आठवली. तिथल्या कारागिरांनी खडबडीत खडकावर माती, भुसा, वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा केला, त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन मग चित्रे काढली. १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आणले. सुटणारा गिलावा त्यांनी पक्का केला, पण चित्रांवर लाखेचे व्हार्निशही चढवले. ते पुढे पिवळे पडले आणि काढत बसण्याची वेळ पुरातत्त्व खात्यावर आली. तज्ज्ञांनाही वरच्या चकाकीचा मोह महागात पडतो, तिथे आम्ही कारकून माणसे!

चुना वाळायला वेळ घेतो. हळदीच्या दिवशी भिंत बिनरंगाचीच होती, जुन्या-नव्या गिलाव्याचे ठिगळ दिसत होते. पाहुण्यांनी विचारले, तेव्हा आम्ही ओशाळलो. आईने मात्र ताठ मानेने सांगितले, "वरचं आमच्या धन्याचं, खालचं लेकाचं."

रंग दिवाळीनंतर दिला. एकच हिशेब सांगतो: मागे लांबी-रंगावर घातलेले पैसे पाण्यात गेले नसते, तर त्यातच हे काम झाले असते. बंधू-भगिनींनो, रंगाचा डबा आणण्याआधी भिंत एकदा वाजवून पाहा.