रजेचा अर्ज

तापातून उठून साहेब आंजी (मोठी) गावाहून वर्ध्याच्या कचेरीत पुन्हा रुजू झाला. टेबलावर रजेच्या अर्जांची चळत पडलेली. सह्या करताना त्याला बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे आठवले. 2017 मध्ये, ललिता या नावाने नोकरीत असताना, त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. नाकारली गेली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. अखेर परवानगी मिळाली, मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि साळवे पुरुष शिपाई म्हणून हजर झाले.

असा अर्ज आपल्यापुढे आला तर? आधी नियम शोधू, की समोरच्याला बसायला सांगू? त्याला ठरवता येईना. अशा माणसाची डब्याच्या वेळी होणारी टवाळी थांबवायला मात्र साहेबाला कुठला नियम लागतो!

2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. तुमच्या कचेरीत तो कोण, उद्या विचारून पाहा.