पाच पशूंचे दूध आणि मंगोलियाची रीत

मंगोलियाची राजधानी उलानबातर मागे पडली की क्षितिजापर्यंत केवळ गवत दिसू लागते. शेती अल्प, हिवाळा दीर्घ. अशा भूमीत माणूस जगतो तो पशूंच्या आधारावर. घोडा, गाय किंवा याक, उंट, मेंढी आणि शेळी हे तेथील पाच पशुधन. या पाचही प्राण्यांचे दूध तेथे काढले जाते.

भटक्या पशुपालकांचा गोल तंबू म्हणजे 'गेर'. आत पाऊल टाकताच पाहुण्याच्या हाती मीठ घातलेला दुधाचा चहा येतो. उन्हाळ्यात दाराशी कातडी पिशवी टांगलेली असते. तीत घोडीचे दूध असते आणि येणाराजाणाराही लाकडी रवीने ते घुसळतो. त्यातून तयार होणारे आंबट, फेसाळ, किंचित मद्यांश असलेले पेय म्हणजे 'ऐराग'. गेरच्या छपरावर दह्याच्या चक्क्याच्या वड्या, 'आरूल', उन्हात वाळत असतात.

वैद्यकीय दृष्टीने येथे एक कोडे उभे राहते. दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचवणारे लॅक्टेज हे विकर बहुसंख्य मंगोलियन प्रौढांच्या आतड्यात अत्यल्प असते. उत्तर युरोपातील बहुतेकांत ते आयुष्यभर टिकते; जगातील सुमारे दोनतृतीयांश लोकांत मात्र बालपणानंतर घटते. शिवाय गाईच्या दुधात लॅक्टोज सुमारे ५ टक्के, तर घोडीच्या दुधात ६ टक्क्यांहून अधिक! मग हे लोक दुधावर जगतात कसे?

उत्तर त्या पिशवीत आहे. आंबवताना जीवाणू व यीस्ट बरेचसे लॅक्टोज आधीच संपवतात. आरूल करताना पाणी निथळते, त्यासोबतही शर्करा निघून जाते. पोटाला जे जमत नाही, ते काम मंगोलियन माणसाने विरजणावर सोपवले.

आपल्याकडे 'दूध सोसत नाही' म्हणून अनेक वृद्ध सर्वच दुग्धपदार्थ सोडतात. वयोमानाने आहार आधीच घटलेला असतो. त्यात कॅल्शियम व प्रथिनेही कमी पडली, तर हाडे आणि स्नायू दुर्बल होतात, आणि एखादे पडणे खुब्याच्या अस्थिभंगापर्यंत नेते. दुधाने पोट फुगणे, गुडगुडणे वा पातळ शौचास होणे हे बहुधा लॅक्टेजच्या कमतरतेचे लक्षण होय. दुधाची ॲलर्जी ही वेगळी बाब आहे, तीत दुग्धपदार्थ टाळावेच लागतात. ॲलर्जी नसेल, तर चांगले विरजलेले दही, ताक, पनीर थोड्या प्रमाणात, जेवणासोबत देऊन पाहावे. अनेकांना अर्धा कप दूधही जेवणासोबत सोसते. रक्तदाब असल्यास ताकात मीठ बेताचे घालावे. नाचणी आणि तीळ यांचीही जोड द्यावी.

मात्र वजन घटणे, शौचातून रक्त जाणे किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांचे खापर दुधावर फोडू नये. तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. बाकी पुष्कळांच्या बाबतीत दूध सोडण्याची गरज नसते, त्याचे रूप बदलणे पुरते.