तीन जोड्या

गेल्या जुलैत नकाणे तलावाकडच्या रस्त्याच्या कडेने मी पिशवीभर तरोटा खुडून आणला. पुण्या-मुंबईकडे ज्याला टाकळा म्हणतात, तोच. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः ओळखून भाजी आणली होती, त्यामुळे जरा मिजासही होती. भावाची तीन वर्षांची लेक घरी आली होती. तिला कळण्याच्या भाकरीबरोबर घासभर भरवायचं मी ठरवूनच टाकलं होतं.

आजीने पिशवी परातीत पालथी केली. निवडता निवडता तिचा हात थांबला. एक शेंडा बाजूला पडला, मग दुसरा.

"हाई तरोटा नई शे, पोरी."

मी म्हटलं, अगं, अ‍ॅपने सांगितलंय. खरं म्हणजे अ‍ॅपने दोन नावं दाखवली होती आणि मला हवं ते मी धरलं होतं. हे मात्र आजीला सांगितलं नाही.

तिने दोन डहाळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या. टोकाशी रुंद, गोलसर, देठाकडे निमुळत्या. दुसऱ्याला चार-पाच जोड्या आणि प्रत्येक पर्णिका टोकदार. हा कासविंदा. आजीने एवढंच दाखवलं. ग्रंथींचं मी नंतर वाचलं: तरोट्यात ती बारीक गाठ खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये असते, कासविंद्यात पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी. वासावर मात्र जाऊ नये. चुरगळल्यावर दोन्ही उग्र येतात. फूलही दोघांचं पिवळंच. शेंगा धरल्या की गोंधळ संपतो, कारण तरोट्याची शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली आणि कासविंद्याची चपटी, कडेला फिकट. पण भाजी खुडतात ती कोवळी असताना, शेंगा यायच्या कितीतरी आधी. पर्णिका पुरत्या उघडल्याही नसतील तर जोड्या मोजणार कशा? असे शेंडे आजीने सरळ टाकून दिले.

मला वाटलं, म्हातारी उगाच घाबरवतेय. रात्री शोधलं तेव्हा उत्तर प्रदेशातलं बिजनौर सापडलं. तिकडे लहान मुलं अचानक आजारी पडून दगावत होती आणि तो मेंदूज्वर समजला जात होता. 2007 साली विपिन वशिष्ठ, टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा संबंध कासविंद्याशी जोडून दाखवला. मुलांनी खेळता खेळता त्याच्या बिया खाल्ल्या होत्या. यकृत, स्नायू, मेंदू, तिन्हींवर घाला. मुलांनी खाल्ल्या त्या बिया, माझ्या पिशवीत होता कोवळा पाला. एवढ्याशा पाल्याने काय झालं असतं, मी सांगू शकत नाही. पण शेजारच्या खोलीत भाची झोपली होती आणि मला झोप येईना.

वर काही जण कासविंद्यालाच रानटाकळा म्हणतात. टाकळा काय घरच्या कुंडीत उगवतो? तोही रानातलाच! नाव ठेवणाऱ्याने चांगलीच सोय करून ठेवलीय.

त्या दिवशी परातीत उरला तेवढा तरोटा आजीने लसूण-मिरची घालून परतला. आम्ही मोठ्यांनी खाल्ला. भाचीला वरणभात दिला. काढलेले अकरा शेंडे आजीने कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले, उकिरड्यावर नाही. तिथे शेळ्या येतात.

ऑक्टोबरात पुन्हा त्या रस्त्याला गेले. दोन्ही झाडं एकमेकांना खेटून उभी होती, कमरेएवढी, शेंगांनी लगडलेली. आता मात्र मला लांबूनच कळत होतं.