चार रेघांवरचं गाणं

स्तोत्राच्या प्रत्येक चरणाच्या मधोमध एक चांदणी छापलेली असते. गाताना त्या चांदणीपाशी सगळे एकदम थांबतात. शेवटच्या अक्षराचा नाद छताला लागून विरला, की त्याच रांगेने उरलेला अर्धा चरण उचलायचा. आणि तो संपतो न संपतो तोच समोरच्या रांगेने पुढचा. विसावा चरणाच्या पोटात, दोन चरणांच्या मध्ये जवळपास नाहीच. हे ग्रेगोरियन गायन, कॅथलिक उपासनेतलं जुनं लॅटिन गाणं, ज्यांनी फक्त रेकॉर्डवर ऐकलं आहे त्यांना ही सारी सुरांची किमया वाटते. उभं राहून गायलं की कळतं, आधी शिकायचा असतो तो हा थांबा. आपला श्वास शेजाऱ्याच्या श्वासाला बांधून घ्यावा लागतो. ज्याचा गळा गोड त्याने तो आवरायचा, ज्याचा बसका त्याने बिचकायचं नाही. एकाच सुरावर शब्दांमागून शब्द जातात, शेवटी दोन-तीन सुरांचं वळण येतं आणि पुन्हा तोच सूर. बाहेरच्याला हे कंटाळवाणं वाटू शकतं. आत उभ्या असलेल्याचं मन मात्र त्या एका सुरावर टेकतं.

मी वसईचा. आमची मिस्सा मराठीत, गीतं मराठीत, पेटी-तबल्यावर, आणि ती तशीच असावी असं मला मनापासून वाटतं. मराठीत मिस्सा सुरू झाली तेव्हा आजीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वेदीवर फादर काय म्हणतात ते तिला आयुष्यात पहिल्यांदा समजलं होतं. हीच आजी विहिरीवर पाणी शेंदताना साल्वे रेजिना हे मरियेचं लॅटिन गीत गुणगुणायची. मराठी प्रार्थनेने तिला जे दिलं, त्यापायी तिने आपलं जुनं गाणं टाकून दिलं नाही. दोन्हींना तिच्या तोंडात जागा होती. आज लॅटिनचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात, तेव्हा मला आजी आठवते.

आपल्या कानाला तर हे गाणं मुळीच परकं वाटू नये. त्यात स्वरमेळ नाही, ताल नाही. एकच स्वररेषा आणि शब्दांच्या वजनावर चालणारी लय. आठ मोड आहेत. प्रत्येकाचा एक विसाव्याचा सूर ठरलेला आणि एक असा सूर, ज्यावर सगळं पठण तोललेलं असतं. न्यास आणि वादी ज्याला माहीत आहेत त्याला यापुढे फार समजावून सांगायला नको. पहिल्या मोडचे सूर आपल्या काफी थाटाचे, तिसऱ्याचे भैरवीचे, सातव्याचे खमाजचे. थाट जुळला म्हणून राग जुळत नाही, हे कबूल. तरीही पवित्र गुरुवारी रात्री साक्रामेंत मुख्य वेदीवरून नेताना गातात ते पांजे लिंग्वा (थॉमस अक्विनास यांची तेराव्या शतकातली रचना) तिसऱ्या मोडमध्ये आहे, आणि त्यातला षड्जाला खेटून लागणारा कोमल रिषभ ऐकताना मला दर वर्षी गलबलून येतं. मैफल भैरवीने संपवणाऱ्या मुलखातला माणूस मी; त्या निरोपाच्या रात्री दुसरे कोणते सूर शोभले असते?

आणि ज्याला आपण प्राचीन म्हणतो ते हे गाणं एकदा जवळजवळ मेलेलं होतं. १६१४ साली रोममध्ये छापायला घेतलेल्या आवृत्तीत संपादकांनी लांब स्वरावळी रानटी समजून छाटून टाकल्या. पुढे तर प्रत्येक सूर सारख्याच लांबीचा, ठोकून ठोकून म्हणण्याची रीत पडली. फ्रेंच राज्यक्रांतीने मठांना टाळी लावली. १८३३ साली प्रॉस्पेर गेरांजे नावाचा तरुण धर्मगुरू थोड्या सोबत्यांना घेऊन सार्त नदीकाठच्या सोलेम गावातल्या ओस पडलेल्या मठात राहायला आला. बेनेदिक्ती जीवन फ्रान्समध्ये पुन्हा रुजवायचं आणि दिवसाच्या ठरल्या प्रहरी देवाचं स्तवन गायचं, एवढाच त्याचा बेत. पण गायचं काय? छापील पुस्तकं बिघडलेली, गाऊन दाखवणारं कुणी उरलेलं नाही. मग त्याच्या मठातले संन्यासी जुनी हस्तलिखितं हुडकू लागले, हाताने उतरवून घेऊ लागले, एकाशी एक ताडून पाहू लागले.

या कामाची चिकाटी थक्क करणारी आहे. जोसेफ पोतिए यांनी १८८३ मध्ये मिस्सागीतांचं पुस्तक सिद्ध केलं. आंद्रे मोकरो यांनी १८८९ पासून हस्तलिखितांच्या छायाप्रती छापायला घेतल्या आणि त्यांतल्या एका टप्प्यावर केवळ एका गीताची, 'युस्तुस उत पाल्मा' या ग्रादुआलची, युरोपभरच्या दोनशेहून अधिक हस्तलिखितांतली रूपं शेजारी शेजारी मांडली. एकच गीत, वेगवेगळे देश, वेगवेगळी शतकं, आणि चाल मूळची एकच. सोलेमच्या टीकाकारांशी वाद घालण्याऐवजी पुराव्यांची रास लावायची ही पद्धत मला फार भावते. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी या गायनाला रोमन उपासनेत मानाचं स्थान परत दिलं. १९०८ मध्ये अधिकृत पुस्तक निघालं. गंमत अशी की त्या वर्षांत सोलेमचे संन्यासी सोलेमला नव्हतेच. मठवासी संघांवर निर्बंध घालणाऱ्या १९०१च्या फ्रेंच कायद्यामुळे ते इंग्लंडच्या वाइट बेटावर गेले होते, ते १९२२ मध्ये परतले.

त्यांच्या श्रमाचं फळ कसं दिसतं ते पाहायचं तर १९७९ साली निघालेलं 'ग्रादुआले त्रिप्लेक्स' उघडावं. पानाच्या मधून चार रेघा जातात, त्यांवर चौकोनी सूर. रेघांच्या वर काळ्या शाईत फ्रान्समधल्या लां गावच्या हस्तलिखितातल्या खुणा, खाली तांबड्या शाईत स्वित्झर्लंडमधल्या सांक्त गालेन मठाकडच्या. या खुणा दहाव्या शतकाच्या आसपासच्या. त्यांना रेघा नाहीत, त्यामुळे सूर किती चढवायचा ते त्यांवरून नेमकं कळत नाही. सूर पाठच असायचे. या खुणा लिहिणाऱ्या लेखनिकाला सांगायचं होतं ते वेगळंच. एखाद्या वळणावर तो बारीकसा 'सी' लिहितो, म्हणजे इथून झटकन जा. कुठे 'टी' लिहितो, म्हणजे इथे धर. एका अक्षरावर सूर नुसता लहरतो, तिथे नागमोडी खूण. हजारेक वर्षांपूर्वी कुणी तरी गाणारा हात हवेत फिरवत होता, आणि त्या हाताची हालचाल शाईत उतरली आहे. चौकोनी सुरांकडे पाहून गाणं शिकता येतं. या लाल-काळ्या खुणांवर बोट ठेवत गेलं की ते गाणं बोलायला लागतं.

१९३८च्या पवित्र आठवड्यात सिमोन वेल सोलेमला येऊन राहिल्या होत्या. ज्यू घरात जन्मलेल्या, कुठल्याही चर्चच्या नसलेल्या या तत्त्वचिंतक बाईंचं डोकं त्या दिवसांत भयंकर दुखत असे. प्रत्येक आवाज घणासारखा लागे. तरी त्या एकूण एक उपासनेला बसल्या. त्या गाण्याच्या आणि शब्दांच्या सौंदर्यात वेदना बाजूला ठेवून निर्मळ आनंद घेता आला, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. पुढे संस्कृत शिकून मुळातून गीता वाचणाऱ्या याच बाई. कोणी त्यांना पटवायला आलं नव्हतं. संन्यासी आपले रोजचे प्रहर गात होते, इतकंच.

१९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली, आणि त्याच दस्तऐवजाच्या ११६व्या कलमात ग्रेगोरियन गायनाला अग्रमान असावा असंही म्हटलं. पहिला भाग जगभर अंगीकारला गेला. दुसरा बहुतेक गावांत कुणी वाचलाही नाही. पुढे लॅटिन ही परिषदेआधीच्या जुन्या मिस्साविधीची निशाणी ठरली. २००७ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्या विधीला मोकळीक दिली, २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती आवळली, आणि या ओढाताणीत गाणं उगाच सापडलं. सोलेमचे संन्यासी परिषदेनंतरच्या नव्या विधीची मिस्सा लॅटिनमध्ये गातात. म्हणजे नवा विधी आणि जुनं गाणं यांचं भांडण नाही, ते माणसांनी लावलेलं आहे. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

सोलेमहून अगदी वेगळ्या तऱ्हेने लॅटिन टिकलं ते गोव्यात. मे महिन्यात गावोगावी खुरसापुढे, घराघरांतल्या देव्हाऱ्यापुढे लादाईन होते: मरियेची लॅटिन लितानी. एक जण मरियेचं एकेक नाव घेतो, प्रत्येक नावामागून सगळ्यांचं तेच छोटं उत्तर, सोबत व्हायोलिन, वर बायकांचा दुसरा सूर आपसूक लागलेला. नंतर उकडलेले चणे आणि पेलाभर काही तरी. शास्त्राने पाहिलं तर हे ग्रेगोरियन गायन नव्हे. त्यात स्वरमेळ आहे, पोर्तुगीज काळातल्या पाद्र्यांनी आणि चर्चच्या शाळांतल्या मेस्तांनी शिकवलेली घडण आहे. उच्चार कोकणी वळणाचे. सोलेममध्ये तुटलेला धागा कागदावरून पुन्हा जोडावा लागला. इथे तो तुटलाच नाही, कारण कुणी तो निव्वळ कागदावर सोडलाच नव्हता. पुतण्या काकाशेजारी उभा राहून शिकला. मला दोन्हींचा हेवा वाटतो. पण आता ज्या गावांत पुतण्या दुबईत किंवा लिस्बनमध्ये असतो, तिथे सोलेमवाल्यांचं कामही करायला लागेल: व्हायोलिनवाल्याच्या जुन्या वह्या जपायच्या, म्हाताऱ्यांचे आवाज नोंदवून ठेवायचे, आणि मुख्य म्हणजे पोरांना शेजारी उभं करायचं.

आमच्याकडे काय करता येईल? पोप सहावे पॉल यांनी १९७४ मध्ये 'युबिलाते देओ' नावाची लहानशी पुस्तिका जगातल्या बिशपांना भेट म्हणून पाठवली. कुठल्याही धर्मग्रामाला पेलवतील अशी सोपी गीतं तिच्यात निवडून दिली आहेत. मी आमच्या गायकवृंदाला सांगतो की किरिएपासून सुरू करा. तो तर लॅटिनही नाही, ग्रीक आहे, आणि त्यात पाठ करण्यासारखं फार काही नाही. कीबोर्ड झाकून ठेवा. ज्याला सूर धरता येतो अशा एकाने उचलायचं, बाकीच्यांनी त्याच्या मागून. प्रायश्चित्तकाळात पेटी-तबला तसाही कमी वाजतो, तेव्हा हे सहज बसतं. मराठी गीतं होती तिथेच राहू द्या. पहिल्या रविवारी लोक एकमेकांकडे पाहतील, दुसऱ्या रविवारी ओठ हलतील. झावळ्यांच्या रविवारपर्यंत मागच्या बाकांवरून आवाज येऊ लागेल, आणि मग सांक्तुस घ्यायला हरकत नाही.