बोटांना पाठ असलेलं

बोटांना जे पाठ असतं ते डोक्याला विचारलं की सांगता येत नाही. आमची आजी रामरक्षा म्हणायची आणि मधेच कुणी हाक मारली तर अडलेल्या श्लोकापासून तिला पुढे जाता येत नसे, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागे. पासवर्डचंही तसंच आहे. लॅपटॉपची अख्खी डिस्क कूटबद्ध केल्यापासून रोज सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून मी एक लांबलचक पासवर्ड टाइप करतो, आणि तेव्हा मला त्यातली अक्षरं आठवत नाहीत, अर्थ तर नाहीच; आठवते ती बोटांची एक चाल, मधे एकदा करंगळीने शिफ्ट दाबून क्षणभर थबकणारी.

ही चाल ऐकणारं यंत्र त्या घटकेला स्वतःच अर्धवट जागं असतं. लिनक्समध्ये त्या वेळी सगळा कारभार इनिटरॅमएफएस नावाच्या एका तात्पुरत्या, मेमरीत उतरवलेल्या छोट्याशा बिऱ्हाडाकडे असतो. पुढची मोठी यंत्रणा कुलपाआड. बाहेर फक्त एवढंच सामान, की कुलूप उघडेपर्यंत निभावं. म्हणून तिथली संकटंही बिऱ्हाडाचीच असतात. यूएसबी कीबोर्डचा ड्रायव्हर सामानात बांधायचा राहून गेला, की कळा कितीही बडवा, आत काही पोचत नाही. ब्लूटूथ कीबोर्डची गंमत आणखी निराळी: त्याची आणि संगणकाची जी ओळखदेख झालेली असते तिची नोंद त्याच बंद डिस्कवर, म्हणजे ज्याच्याकरवी दार उघडायचं त्याचं ओळखपत्र दाराच्या आत. अशा वेळी तारेचा एखादा जुना कीबोर्ड घरात असावा, त्याच्यासारखा सोबती नाही. कधी नव्या कर्नलने घोटाळा केलेला असतो आणि बूट मेन्यूतून आधीचा कर्नल निवडला की सारं सुरळीत होतं. कधी सुरुवातीच्या शोभेच्या चित्रामागे प्रश्नच दडून बसलेला असतो आणि एस्केप दाबल्यावर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तो निमूटपणे उभा दिसतो.

पण मला सगळ्यात गहिवर आणणारी अडचण आहे ती कळांच्या मांडणीची. माझा भाचा जर्मनीत असतो. तिथल्या कीबोर्डवर वाय आणि झेड यांनी जागांची अदलाबदल केलेली आहे, आणि इनिटरॅमएफएसला ती मांडणी कुणी सांगितली नसेल तर ते बापडं अमेरिकी मांडणी धरून बसतं. परिणामी पासवर्डात एक वाय असला, की माणूस अचूक टाइप करतो आणि यंत्र अचूक ऐकतं, तरी दोघांचं जुळत नाही. पडद्यावर ठिपकेही उमटत नसले तर चूक कुठे झाली हे दिसायला जागाच नाही. आपल्याकडे समजा कुणी इनस्क्रिप्टवर ‘सातारा’ असं लिहून तोच पासवर्ड ठेवला, आणि सकाळी यंत्राने इंग्रजी मांडणी धरली, तर त्याच सहा कळांतून एम, ई, एल, ई, जे, ई असं निघतं. वाचायला गेलं तर ‘मेलेजे’. सातारकरांच्या कानावर हे न गेलेलं बरं. आकड्यांची वेगळीच रड: नम लॉक बंद असेल तर उजवीकडच्या कळांवरचे आकडे बाण होऊन बसतात, आणि फ्रेंच कीबोर्डवर तर वरच्या ओळीतल्या आकड्यांसाठीही शिफ्ट लागते.

यंत्राला हे कळायला नको का, असं वाटतं खरं. इतक्या दिवसांचा सहवास, रोजची तीच बोटं. पण त्याच्यापाशी ताडून पाहायला पासवर्ड मुळी नसतोच. क्लेमेन्स फ्रुहविर्थने 2004 च्या सुमारास लक्स नावाची जी रचना केली तिच्यात डिस्कची खरी किल्ली यदृच्छेने घडलेली, कुणाही माणसाने कधी न पाहिलेली अशी असते. आपल्या शब्दांतून गणिताने एक दुसरी किल्ली निघते आणि तिने त्या खऱ्या किल्लीवरचं वेष्टन सुटतं, एवढंच. सुटलं तर सुटलं. हे गणित मुद्दाम संथ ठेवलेलं आहे, साधारण दोन सेकंद लागावेत इतकं, म्हणजे अंदाज बांधणाऱ्या चोराचा जन्म त्यात जावा. त्या दोन सेकंदांत चोर आणि वाय-झेडमध्ये अडकलेला घरधनी अगदी समान असतात. आपण आयुष्यभर कुणीतरी आपल्याला आवाजावरून, चालण्यावरून ओळखावं अशा आशेवर जगतो. इथे त्या ओळखीला जागा ठेवलेली नाही, आणि त्यामुळेच तर आपण त्याच्यावर विसंबतो.

तरी ही रचना निर्दय नाही. एकाच खऱ्या किल्लीसाठी तिच्यात अनेक खण आहेत, पहिल्या आवृत्तीत 8, दुसरीत 32 पर्यंत, आणि प्रत्येकात वेगळा पासवर्ड. जाणती माणसं यातल्या एका खणात तोच पासवर्ड अमेरिकी मांडणीने जसा ‘चुकीचा’ उमटतो तसाच भरून ठेवतात. मग बोटांनी कुठलीही चाल बदलायची नाही. अर्धवट जागं यंत्र जसं ऐकेल तसं ऐकू दे, दार उघडतं. ही युक्ती मला फार आवडते. समोरच्याचं ऐकणं सुधारता येत नसेल तर त्याच्या कानाने आपले शब्द एकदा ऐकून ठेवावेत, इतकं समंजस काही संगणकाच्या शास्त्रात सापडेल असं वाटलं नव्हतं.

त्याच रचनेत विसरण्याचीही सोय आहे. प्रत्येक खणातला ऐवज 4000 पट पसरून लिहिलेला असतो, अशा बेताने की त्यातला थोडासा भाग नष्ट झाला तरी उरलेल्यातून किल्ली निघू नये. आठवण जपण्यासाठी पसारा मांडणारे आपण. इथे पसारा मांडलाय तो पुसायचं ठरवलं की पुसलं जावं म्हणून. मात्र याचा दुसरा अर्थ असा की हे खण ज्यात असतात तो डिस्कच्या सुरुवातीचा भाग, म्हणजे हेडर, खराब झाला, तर पासवर्ड कितीही पाठ असो, फोटो, पत्रं, हिशोब सगळं गेलं. म्हणून हेडरची प्रत वेगळी काढून ठेवावी लागते, आणि त्या जुन्या प्रतीत तेव्हाचा पासवर्डही जिवंत राहतो, नंतर आपण तो कितीही बदलला तरी.

भाच्याने तीन प्रयत्नांनंतर कोऱ्या शेलमध्ये येऊन पडण्याचा अनुभव घेतल्यावर मांडणी नीट केली, इनिटरॅमएफएस नव्याने बांधलं आणि आणखी एका खणात बायकोला तिचा पासवर्ड घालायला लावला. तो त्याला ठाऊक नाही. हेडरची प्रत कुठे ठेवायची यावर मात्र अजून खल चालू आहे: ती म्हणते बँकेच्या लॉकरमध्ये, तो म्हणतो साताऱ्याला आईकडे, आणि माझी बहीण फोनवर विचारते, की त्या पेन ड्राइव्हला ऊन लागलं तर चालतं का.