चिप आहे, ड्रायव्हर कुठाय?

आमच्या शिवारातली विहीर घरापासून सव्वा किलोमीटर लांब. थ्री फेज वीज बहुधा रात्रीच येते. मोटर सुरू झाली का, हे बघायला चौऱ्याहत्तर वर्षांचे अप्पा हातात बॅटरी घेऊन उसातून जातात. खड्डे, जनावर, सगळंच आलं. ओढ्याच्या खोलगटात मोबाईलला रेंज नाही. म्हणून रेडिओनं निरोप आणायचं ठरवलं.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी ओल्या उसात दमतात. त्यापेक्षा खालच्या फ्रिक्वेन्सीच्या लांब पोचतात. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीपर्यंत २००५ पासून विनापरवाना वापरता येतो. सेमटेकची एसएक्स १२७६ ही चिप तिथे चालते. घरी रास्पबेरी पाय होताच, त्यावर लिनक्स. अडलं ते ड्रायव्हरपाशी.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. सासूबाई मराठी, सूनबाई धारवाडच्या, मधे नातू. हे आपल्या घरांना वेगळं सांगायला नको. चिपच्या पोटात रजिस्टर नावाचे खण असतात. कुठल्या खणात काय, हे लिनक्सला ड्रायव्हरच सांगतो. विक्रेते ‘लिनक्स सपोर्ट आहे’ म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही. कर्नलमध्येच ड्रायव्हर आहे, की कुणीतरी लिहिलेला नमुना प्रोग्रॅम आहे, हे विचारावं. एटी८६आरएफ२१२ या चिपला कर्नलमध्ये ड्रायव्हर आहे. आरएफएम६९ साठी २०१७ मध्ये ‘पाय४३३’ आला, पण कच्च्या ड्रायव्हरांच्या ‘स्टेजिंग’ विभागातच राहिला आणि पुढे काढून टाकला गेला. माझ्या चिपसाठी मला कर्नलमध्ये काही सापडलं नाही.

पण दुभाषा नसला तरी दार उघडं होतं. ‘स्पायडेव्ह’मुळे साध्या पायथन प्रोग्रॅमलाही चिपचे खण थेट वाचता येतात. सोळाच्या पायावरच्या मोजणीतल्या ४२ क्रमांकाच्या खणातून १२ आलं, तर चिप जिवंत. नुसती शून्यं आली तर आधी वायरी बघायच्या. माझ्या पडद्यावर १२ उमटलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी एकटाच हसलो.

आता मोटर चालू झाली की स्वयंपाकघरात दिवा लागतो. निम्म्या रात्री तरी अप्पा झोपून असतात. बांधापलीकडचे काका परवा येऊन दिवा बघून गेले, ‘नमगू ऒंदु माडि कॊड्री’ म्हणाले. त्यांची विहीर टेकडीच्या आड आहे. अँटेना उंच बांबूवर चढवावी लागणार.