बंदरातली रात्र आणि दोघांची होडी

मालवणच्या बंदरात रात्री गरवायला जाणे, म्हणजे जाळे न टाकता दोरीला गरी, अर्थात लोखंडी आकडा, बांधून मासे धरणे, हा दोघांनी मिळून करावयाचा उद्योग आहे. कारण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात बुडालेले खडक इतके आहेत की एकाने वल्ह्यावर हात ठेवून होडी सांभाळल्याखेरीज दुसऱ्याला दोरीकडे लक्ष देता येत नाही. वेळ घड्याळापेक्षा तिथी ठरवते: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाण्याला जोर येतो त्याला उधाण म्हणतात, अष्टमीच्या आसपास तो ओसरतो त्याला भांग, आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येत असल्याने आज सोयीची असलेली वेळ पुढच्या आठवड्यात उपयोगाची राहत नाही.

दोरी तर्जनीवरून सोडलेली असते. मोठा मासा ती हिसक्याने ओढतो, लहान मासा कोळंबीचे आमिष नुसते टोकरतो, आणि हा फरक काळोखात बोटाच्या पेरालाच कळतो. शिंगाळा या माशाच्या पाठीवरचा व कल्ल्यांमागचा काटा विषारी असल्यामुळे तो मासा होडीत येताच सोबत्याने कंदील जवळ धरणे ही मैत्रीची खरी कसोटी होय (गप्पांचा क्रमांक त्यानंतरचा). कधीकधी वल्ह्याच्या फटक्याने पाणी निळसर चमकते, तो नॉक्टिल्युका या सूक्ष्म एकपेशीय जीवाचा प्रकाश असतो.

कंदिलाहून अधिक उजेडाची गरज नसते. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये घातलेली बंदी योग्यच आहे, कारण त्या झोताकडे लहान पिल्लेही ओढली जातात.